घाटात घोळका का फुटतो?

मनाली ते लेह या पावणेपाचशेच्या आसपास किलोमीटरच्या रस्त्यावर सायकलस्वारांचे गट निघतात ते बहुधा ‘सगळे एकत्रच राहू’ असं ठरवून. सपाटीवर हे शहाणपणाचंच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि पुढच्याच्या आडोशाला मागच्याचे श्रम वाचतात. चढावर गणित फिरतं. सामानासकट 100 किलो वजन 6 टक्के चढावर ताशी 8 किलोमीटरनं न्यायचं, तर सुमारे 130 वॅट नुसत्या गुरुत्वाकर्षणाविरुद्ध खर्ची पडतात. वारा पडलेला असेल तर हवेचा वाटा जेमतेम 2-3 वॅट. आडोसा वाचवणार तरी काय? उलट दुसऱ्याच्या चालीनं चढणाऱ्याला धाप लागते, आणि टांगलांग ला खिंडीसारख्या 5300 मीटरच्या उंचीवर ती लवकर बसत नाही.

वाटेतल्या मोरेच्या पठारावर समोरून वारा आला तर रांग हवीच, हा आक्षेप रास्त आहे. विरोध ठरतो तो वाऱ्याच्या सापेक्ष वेगावर. मागे राहिलेल्याला उंचीचा त्रास झाला तर, ही भीती अधिक खरी. पण त्यासाठी अख्खा घोळका कशाला? सारख्या दमाच्या दोघांची जोडी आणि ठरलेल्या टप्प्यांवर गाठभेट पुरते. अट एकच: जोडीदाराचं डोकं ठणकू लागलं, पाय अडखळू लागले, तर खिंडीचा हट्ट सोडून दोघांनीही खाली उतरायचं.