गुलमर्गला स्की शिकायचंय? मग घरातल्या प्रत्येकाची पातळी वेगळी धरा

थंडीची सुट्टी जवळ आली की मुंब्रा-कौसा, राबोडी, कल्याण, भिवंडी भागातल्या घरांमध्ये काश्मीरच्या टूरची चर्चा सुरू होते. पूर्वी शिकारा, शाल, केशर आणि बर्फात काढलेले फोटो एवढ्यावर सहल पूर्ण व्हायची. आता मुलं मोबाईलवर स्कीइंगचे व्हिडिओ बघतात आणि "आम्हाला पण शिकायचंय" अशी फर्माईश घरातूनच येते. मग टूरवाला विचारतो, सगळ्यांना एकाच बॅचमध्ये टाकू का, बिगिनर लिहू की इंटरमीडिएट? बहुतेक घरं या प्रश्नाचं उत्तर दोन सेकंदांत देऊन मोकळी होतात. आमचं म्हणणं आहे की हे उत्तर घाईत देऊ नका, आणि पूर्ण घराचं मिळून एकच उत्तर तर अजिबात देऊ नका.

कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. स्कीच्या लांब पट्टीवर बूट ज्या कडीत अडकतो तिला बाइंडिंग म्हणतात. तुम्ही पडलात की ही कडी उघडून बूट सुटायला हवा. किती जोर आला की कडी उघडायची, हे एका स्क्रूने ठरवतात. तो स्क्रू किती फिरवायचा हे माणसाचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि त्याची स्कीइंगची पातळी यावरून ठरतं. नवशिक्यासाठी कडी सैल ठेवतात, सराईतासाठी घट्ट. आता बघा, कधीच स्की न केलेल्या माणसाने शान मारायला "थोडं थोडं येतं" म्हटलं, तर कडी गरजेपेक्षा घट्ट बसते. पडताना पट्टी पायातून सुटत नाही आणि पिळवटतो तो गुडघा. गुडघ्याचा लिगामेंट फाटला तर ऑपरेशन आणि पुढे कित्येक महिने फिजिओथेरपी. दुकानात दिवसभर उभं राहणारे अब्बा असोत की रोज डोंबिवलीहून लोकल पकडून नोकरीला जाणारी मुलगी, असं घरी बसणं कोणाला परवडतं? भाड्याने सामान देणाऱ्याने वजन विचारलंच नाही, तर तुम्ही स्वतः सांगा आणि कडी तुमच्यासमोर सेट करायला लावा. यात लाजण्यासारखं काही नाही.

आता पातळी ओळखायची कशी? वय आणि हिंमत, दोन्ही बाजूला ठेवा. पातळी ठरते ती थांबण्यावरून. ज्याने पट्ट्या कधी पायात घातल्याच नाहीत त्याची पातळी शून्य, मग तो जिममध्ये कितीही वजन उचलत असो. शून्यवाल्याला आधी जड बुटात चालणं, सपाट बर्फावर सरकणं, आडव्या पावलांनी उतार चढणं आणि पडल्यावर उठणं शिकवतात. त्यानंतर येतो ब्रेक. पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणि मागची टोकं लांब ठेवली की वेग मरतो. मुलांना हे "पिझ्झा" म्हणून शिकवतात, कारण आकार पिझ्झाच्या तुकड्यासारखा होतो. पट्ट्या समांतर ठेवून सरळ जाणं म्हणजे "फ्रेंच फ्राइज". सौम्य उतारावर मनात आलं तिथे थांबता येतं, डावीकडे आणि उजवीकडे दोन्ही बाजूंना वळता येतं, एवढं जमलं की पहिली पायरी झाली. अशी वळणं एकामागून एक न अडखळता घेता यायला लागली की दुसरी. पट्ट्या समांतर ठेवूनच वळता आलं तर तो माणूस इंटरमीडिएट. चार वर्षांपूर्वी सोनमर्गला अर्धा तास कोणीतरी हात धरून सरकवलं होतं, त्याची गणना यात होत नाही.

रोलर स्केटिंगचा क्लास केलेल्या मुलांबद्दल पालक नेहमी विचारतात. ठाण्यात, कल्याणात अशी मुलं पुष्कळ आहेत. त्यांचा तोल चांगला असतो आणि ती इतरांपेक्षा लवकर शिकतात, हे खरं. पण स्केट्सवरचा ब्रेक बर्फावर चालत नाही. उलट वेगाची भीती गेलेली आणि थांबायचं माहीत नाही, असं मूल जास्त धोक्यात. त्यालाही शून्यापासूनच सुरू करू द्या. फार तर दुसऱ्या दिवशी पुढच्या गटात जाईल.

लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक. चार-पाच वर्षांच्या मुलाला एका वेळी तासभर पुरे, तेही खेळत खेळत. थंडीने बोटं बधिर झाली की शिकणं संपलं, मग कितीही पैसे भरलेले असोत. गुलमर्गजवळच्या तंगमर्गचा आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता. त्याच्या वडिलांचं गुलमर्गमध्ये स्कीच्या सामानाचं दुकान. तो चार वर्षांचा असताना शिकू लागला. बर्फ दारात, दुकान घरचं, तरी तिथवर पोहोचायला वर्षं लागली. आपल्या पोराने तीन दिवसांत सरळ पट्ट्यांनी उतरावं ही अपेक्षा जरा आवरती घ्या.

गुलमर्ग समुद्रसपाटीपासून साधारण २,६५० मीटरवर आहे. आपण खाडीकाठची माणसं. पहिल्या दिवशी धाप लागते, डोकं दुखतं, म्हणून पोहोचल्या दिवशी क्लास ठेवूच नका. नवशिक्यांचे सौम्य उतार खालच्या पठारावरच आहेत. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत नेतो आणि दुसरा अफरवटच्या बाजूला, जवळजवळ ३,९५० मीटरपर्यंत. दुसऱ्या टप्प्यावर फोटो काढायला जरूर जा, पण पट्ट्या घेऊन नको. तिथला मोठा भाग मोकळा डोंगर आहे, सपाट करून ठेवलेली वाट नव्हे. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर हिमस्खलन होऊन पोलंडचे दोन स्कीअर मरण पावले, आणि ते काही नवखे पर्यटक नव्हते. एखादा गाइड शून्य पातळीच्या माणसाला "ऊपर ले चलता हूँ" म्हणाला, तर त्याच क्षणी दुसरा गाइड शोधा.

शिकायचं कोणाकडे, हा पुढचा प्रश्न. स्टँडवर उतरताच स्की आणि लाकडी स्लेज घेतलेली माणसं गराडा घालतात. तासाभराच्या पैशांत पट्ट्या, बूट आणि हात धरून सरकवणं मिळतं. गरीब कष्टकरी माणसं आहेत, हिवाळाच त्यांची कमाई, आणि गंमत म्हणून हे वाईट नाही. फक्त त्याला धडा समजू नका. खरोखर शिकायचं असेल तर प्रशिक्षित शिक्षक ठरवा. सलग तीन दिवस, रोज दोन तास, हा नवशिक्या कुटुंबासाठी चांगला हिशोब आहे. फोनवरच विचारा, एका शिक्षकामागे किती जण, हेल्मेट मिळणार का, पहिल्या तासात काय शिकवणार. "काय शिकवणार"ला उत्तर "थांबायला" असं आलं तर माणूस जाणकार.

घरातल्या कॉलेजच्या मुलाला किंवा मुलीला मनापासून शिकायचं असेल तर सहलीतले तीन दिवस पुरणार नाहीत. गुलमर्गमध्ये केंद्र सरकारची भारतीय स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्था आहे, मनालीत अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था आहे, उत्तराखंडात औलीलाही कोर्स होतात. साधारण एक ते दोन आठवड्यांचे, बेसिक, इंटरमीडिएट, अ‍ॅडव्हान्स अशा पायऱ्यांचे. बेसिक न करता वरच्या पायरीवर उडी मारायचा विचार करू नये. फी आणि तारखा दरवर्षी बदलतात, त्या थेट संस्थेकडूनच घ्या.

आपल्या बहिणींसाठी थोडं वेगळं सांगायला हवं. ओढणी किंवा स्कार्फचं मोकळं टोक लिफ्टमध्ये अडकू शकतं, आणि तो प्रकार जिवावर बेतणारा असतो. डोक्याला घट्ट बसणारा पातळ हिजाब किंवा फक्त चेहरा उघडा राहील अशी टोपी घाला आणि त्यावर हेल्मेट. अंगावर लांब, सैल जॅकेट चालतं, पण घोळदार काही नको. शिकवताना शिक्षक हात, खांदा धरतात. ते नको असेल तर महिला शिक्षिका मिळेल का हे बुकिंगच्या वेळीच विचारा, नाहीतर फक्त घरच्यांचा वेगळा गट मागा आणि तोंडी सूचनांवर शिकवा म्हणून सांगा. हिवाळ्यात दिवस लहान असतो, म्हणून सकाळचा क्लास घेतला की जोहर निवांत मिळते. वुजूसाठी दर वेळी ते बूट काढणं सोपं नसतं, मोज्यांवरच्या मसहबद्दल निघण्याआधी आपल्या मौलानांना विचारून ठेवा.

रमजानचाही हिशोब ठेवा. २०२७ मध्ये रोजे फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतील, म्हणजे ऐन स्कीच्या मोसमात. रोज्यात इतक्या उंचीवर तासन् तास घाम गाळणं जमणार नाही, त्यामुळे जानेवारीच बरा. पण बर्फही हमखास धरू नका. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गची मैदानं बराच काळ कोरडी होती. तारीख बदलता येईल असंच बुकिंग करा.

ज्यांचे मामू, चाचा दुबईत आहेत, आणि आपल्याकडे असे नातेवाईक कमी नाहीत, त्यांच्यासाठी एक युक्ती. तिथल्या मॉल ऑफ द एमिरेट्समध्ये २००५ पासून स्की दुबई आहे, छताखालचा बर्फ, सगळ्यात लांब उतार ४०० मीटर. वेग आवरणं, वळणं आणि थांबणं येत असेल तरच मुख्य उतारावर सोडतात, बाकीच्यांना पातळीनुसार धडे. ईदला भेटायला जाणारच असाल तर तिथे एक धडा घेऊन बघा. मुलाला हे आवडतंय की फक्त व्हिडिओत आवडत होतं, ते तिथेच कळेल आणि काश्मीरचे पैसे वाचतील.

काश्मीर म्हटलं की डोंबिवलीला २२ एप्रिल २०२५ आठवतंच. बैसरनमध्ये गेलेल्या २६ जणांत आपल्या डोंबिवलीचे तिघे होते, आणि पर्यटकांना वाचवताना मारला गेलेला घोडेवालाही होता. जायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. जाणाऱ्यांनी कोणती ठिकाणं उघडी आहेत हे निघण्याआधी पर्यटन विभागाकडे विचारावं. प्रवास विमा काढताना स्कीइंग त्यात धरलंय का तेही वाचा, कित्येक पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात.

तयारीसाठी जिमची फी भरायची गरज नाही. महिनाभर आधीपासून रोज इमारतीचे जिने चढा-उतरा, आणि एखाद्या रविवारी सगळ्या घराने हाजी मलंग गाठावा. चढताना नव्हे, उतरताना बघा. ज्याच्या मांड्या खाली येईपर्यंत थरथरतात त्याला पहिल्या दिवशी दोन नाही, एकच तासाचा क्लास लावा. दादी आणि गुडघेदुखी असलेली खाला यांना तिथे गोंडोलाची राइड आणि गरम कहवा पुरेसा आहे. मुलं उतारावर असताना हातमोज्यांची जादा जोडी सांभाळायलाही कोणीतरी लागतंच.