गेमिंग पीसी घेताना फसवणारे आकडे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की आपल्या गावातलं कॉम्प्युटरचं दुकान, 60 ते 80 हजारांत गेमिंग पीसी असेंबल करायला गेलेल्या गिऱ्हाइकाच्या कानावर आधी आकडे पडतात. आय7 प्रोसेसर, 16 जीबी रॅम, 4 जीबी ग्राफिक्स, 500 वॉटचा एसएमपीएस. आकडा मोठा म्हणजे वस्तू चांगली, हा समज याच बजेटमध्ये सगळ्यात महागात पडतो. दोन लाखांच्या पीसीत एखादी चूक खपून जाते. इथे मात्र नको त्या भागावर गेलेले 5 हजार थेट ग्राफिक्स कार्डाच्या वाट्यातून कापले जातात, आणि गेम चालतो तो मुख्यतः त्या कार्डावर.

म्हणून सुरुवात कार्डापासूनच करू. ‘4 जीबीचं कार्ड म्हणजे 4 जीबीचं कार्ड’ हे वाक्य साफ चुकीचं आहे. जीटी 730 हे 2014 सालचं कार्ड, त्याची 4 जीबीची आवृत्ती बरीच विकली गेली. तिच्यातली मेमरी डीडीआर3 जातीची, सेकंदाला फार तर 29 जीबी माहिती हलवणारी. 2019 साली आलेल्या जीटीएक्स 1650 मध्येही मेमरी 4 जीबीच, पण तिचा वेग सेकंदाला 128 जीबी. टाकी तेवढीच, नळ चौपटीहून मोठा. शिवाय चिपची ताकद वेगळी, ती तर जीबीमध्ये दिसतच नाही. उलट बाजूही लक्षात घ्या. आरटीएक्स 4060 टीआय हे कार्ड 8 आणि 16 जीबी अशा दोन रूपांत आलं, चिप तीच. ज्या गेमला 8 जीबी पुरतात तिथे दोन्हींचे फ्रेम जवळपास सारखे येतात. जिथे पुरत नाहीत तिथे 8 जीबीवाल्या कार्डावर गेम अडखळायला लागतो. म्हणजे मेमरी कमी पडली तर नुकसान, जास्त असली म्हणून वेग वाढत नाही. 1080पी वर खेळायचं असेल तर आज 8 जीबी ही किमान पातळी धरा, आणि कार्ड निवडताना जीबीआधी मॉडेलचं नाव वाचा.

प्रोसेसरच्या बाबतीत ‘आय7 केव्हाही आय3 पेक्षा भारी’ हे एकाच जनरेशनपुरतं खरं आहे. ऑफिसांतून निघालेले आय7-3770 वाले जुने पीसी नवीन कॅबिनेट आणि रंगीत पंखे बसवून ‘गेमिंग पीसी’ म्हणून विकले जातात. हा प्रोसेसर 2012 सालचा, 4 कोअर आणि 8 थ्रेडचा. 2022 च्या आय3-12100एफ मध्येही 4 कोअर, 8 थ्रेडच आहेत, पण त्याचा एकेक कोअर कितीतरी वेगवान आहे. शिवाय 3770 वर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. मध्यम बजेटला आय5-12400एफ किंवा रायझन 5 5600 यांसारखा 6 कोअरचा प्रोसेसर पुरेसा आहे. अशा प्रोसेसरला लिक्विड कूलर लागत नाही आणि महागडा झेड सीरिजचा मदरबोर्डही नको. तो बोर्ड मुख्यतः ओव्हरक्लॉकिंगसाठी, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवण्यासाठी असतो. 12400एफचं ओव्हरक्लॉकिंग होत नाही, मग त्या बोर्डाचे जादा पैसे कशाला मोजायचे?

‘बॉटलनेक’ या शब्दाचीही मुलांनी उगाच धास्ती घेतली आहे. अमुक प्रोसेसर तमुक कार्डाला इतके टक्के अडवतो, असा ठाम आकडा असूच शकत नाही. तोच पीसी एका गेममध्ये प्रोसेसरपाशी अडेल, दुसऱ्यात कार्डापाशी. रिझोल्यूशन वाढवलं की भार कार्डाकडे सरकतो.

आता एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. हा भाग सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात स्वस्तातला उचलला जातो, आणि मला याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते. ‘500 वॉट लिहिलंय ना, मग झालं!’ तसं नाही. डब्याच्या बाजूला एक लेबल असतं. त्यावर +12V असा रकाना शोधा आणि त्याखालचे अँपिअर 12 ने गुणा. प्रोसेसर आणि कार्ड यांना बहुतेक सगळी वीज तिथूनच मिळते. समजा तिथे 16 अँपिअर लिहिलेत, तर हाती आले 192 वॉट, वर कितीही मोठ्या अक्षरांत 500 छापलेलं असो. आरटीएक्स 4060 ला 115 वॉट लागतात, 12400एफ भरात आला की 117 पर्यंत जातो. बेरीज 232, पंखे वेगळेच. हा एसएमपीएस भर गेममध्ये पीसी बंद पाडणार, आणि संरक्षक सर्किट नसलं तर सोबत महागडं कार्डही जाळू शकतो. +12V वर 45 अँपिअर देणारा, म्हणजे 540 वॉटचा चांगल्या कंपनीचा एसएमपीएस या जोडीला निवांत पुरतो. ‘80 प्लस’चा शिक्का जरूर पाहा, पण तो फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो, संरक्षणाची हमी देत नाही. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी: 650 वॉटचा एसएमपीएस घेतला म्हणून वीजबिल वाढत नाही. पीसीला लागते तेवढीच वीज तो खेचतो.

रॅम 16 जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा 8-8 च्या दोन घ्या. दोन मार्गांनी माहिती जाते आणि बऱ्याच गेममध्ये फरक दिसतो. चार स्लॉटच्या बोर्डवर त्या साधारणपणे प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवतात. मग टास्क मॅनेजर उघडून मेमरीचा स्पीड बघा. 3200 ची रॅम घेऊनही तिथे 2400 किंवा 2666 दिसत असेल, तर बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग, सुरू करायचं राहिलंय. एसएसडी घ्याच, पण तिच्याने फ्रेम वाढतात असं समजू नका. गेम लवकर उघडतो, एवढंच.

सगळं नीट जोडूनही ‘कार्ड खराब निघालं’ अशी तक्रार येते, तेव्हा आधी पीसीच्या मागे बघा. मॉनिटरची केबल मदरबोर्डात खुपसलेली असेल तर चित्र प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवरून येतं, कार्ड नुसतं बसून राहतं. नावात एफ असलेल्या प्रोसेसरमध्ये ते ग्राफिक्स नसतंच, त्यामुळे तिथे स्क्रीन काळीच राहते. 144 हर्ट्झचा मॉनिटर आणलात तरी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये 144 निवडावे लागतात, नाहीतर तो बऱ्याचदा 60 वरच चालतो.

आणि दोन-चार हजार वाचवायला बिलाशिवाय माल घेऊ नका. प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल नाव आणि सिरियल नंबर असलेलं जीएसटीचं पक्कं बिल स्वतःच्या नावावर करून घ्या. वॉरंटी मागायची वेळ आली की तोच कागद उपयोगी पडतो.