प्रतिभावंतांचे चित्रकार : डॉ. जब्बार पटेल

सांगली संस्थानांत १८४३ सालीं विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ हें नाटक रंगभूमीवर आणलें आणि मराठी नाट्यकलेचा पाया घातला गेला. विष्णुदास १९०१ सालीं दिवंगत झाले. त्यापूर्वीं पांच वर्षें, १८९६ च्या जुलै महिन्यांत, मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्युमिए बंधूंचीं हलतीं चित्रें लोकांस पाहावयास मिळालीं होतीं. म्हणजे मराठी नाटकाचा जनक आणि हालचाल टिपणारें यंत्र हीं कांहीं काळ एकाच प्रांतांत होतीं. परंतु त्यांची गांठ पडली नाहीं. विष्णुदास सूत्रधारास कसे शिकवीत, बोलतांना त्यांचे हात कसे हालत, हें आज कोणासहि पाहतां येत नाहीं.

सांगलीहून मिरज हाकेच्या अंतरावर. तेथें वास्तव्य करून राहिलेले अब्दुल करीम खांसाहेब १९३७ सालीं निवर्तले. त्यांचा स्वर तबकड्यांवर उरला आहे. पण गातांना त्यांची मुद्रा कशी असे, तें तबकडी सांगूं शकत नाहीं. कृष्णाकांठच्या नागठाण्याशीं ज्यांचें नातें सांगितलें जातें, त्या बालगंधर्वांचें दैव किंचित् बरें. १९३५ च्या ‘धर्मात्मा’ या प्रभातच्या बोलपटांत ते एकनाथांच्या भूमिकेंत, म्हणजे पुरुषवेषांत, दिसले आणि १९३७ च्या ‘साध्वी मीराबाई’ मध्यें मीरेच्या. पण तोंवर त्यांचें वय पन्नाशीकडे झुकलें होतें. ज्या रूपानें महाराष्ट्रास एकेकाळीं वेड लावलें, त्याच्या ऐन बहराच्या वेळीं चित्रयंत्र जवळ नव्हतें.

या तीन उदाहरणांवरून एक गोष्ट ध्यानांत येते. कलावंताची कृति मागें राहते, परंतु कृति करणारा माणूस जसा होता तसा मागें ठेवावयाचा, तर तें काम वेळेवरच करावें लागतें. हें काम ज्या चित्रप्रकारानें होतें त्यास अनुबोधपट म्हणतात. त्यांत रचलेली कथा नसते, नटनट्यांचीहि सहसा गरज नसते. खरीं माणसें, खरीं स्थळें, खरे आवाज आणि जुने कागदपत्र यांची अर्थपूर्ण जुळणी म्हणजे अनुबोधपट.

महाराष्ट्राला हा प्रकार परका नाहीं. १८९९ सालीं हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं मुंबईंत एका कुस्तीचें चित्रण केलें आणि १९०१ सालीं विलायतेहून परतलेले रँग्लर परांजपे यांच्या स्वागताचें. एका मराठी विद्वानाची चालतीबोलती नव्हे, तरी चालती आकृति चित्रपट्टिकेवर उमटली ती तेव्हां. पुढें १९४८ सालीं केंद्र सरकारनें फिल्म्स डिव्हिजन हा विभाग मुंबईंत स्थापिला. चित्रपटगृहांत मुख्य खेळापूर्वीं या विभागाचे लघुपट दाखविले जात आणि कित्येक खेड्यांतील प्रेक्षकांस कवीचें वा गायकाचें पहिलें दर्शन त्यांतूनच घडलें. हा विभाग २०२२ मध्यें राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळांत विलीन झाला. बंगालमध्यें सत्यजित राय यांनीं १९६१ सालीं रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीनिमित्त त्यांच्यावर अनुबोधपट केला आणि १९७२ सालीं आपले गुरु, अंध चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी यांच्यावर. मराठीमध्यें हीच वाट ज्यांनीं निष्ठेनें चोखाळली, त्यांत डॉ. जब्बार पटेल यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागतें.

डॉ. पटेल यांचा जन्म १९४२ सालीं पंढरपुरांत झाला. शालेय वय सोलापुरांत गेलें. वैद्यकाचें शिक्षण पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयांत झालें. पुढें त्यांनीं दौंड येथें वैद्यकीय व्यवसाय केला. रोग्याचें बोलणें शांतपणें ऐकून घेणें, न सांगितलेलें लक्षण नजरेनें ओळखणें, ही वैद्याची संवय आहे. ज्याला दुसऱ्या माणसाचें चरित्र चित्रित करावयाचें आहे, त्यासहि याहून निराळें भांडवल लागत नाहीं. १९७२ सालीं विजय तेंडुलकरांचें ‘घाशीराम कोतवाल’ त्यांनीं दिग्दर्शित केलें आणि त्यांची कीर्ति परदेशापर्यंत गेली. त्यानंतर ‘सामना’, ‘जैत रे जैत’, ‘सिंहासन’, ‘उंबरठा’ हे बोलपट आले. यांतील प्रत्येकाच्या पाठीशीं एक समर्थ लेखक उभा आहे: ‘सामना’ तेंडुलकरांचा, ‘जैत रे जैत’ गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून, ‘सिंहासन’ अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून, ‘उंबरठा’ शांता निसळ यांच्या ‘बेघर’ वरून. लेखकांच्या सहवासांत वाढलेला हा दिग्दर्शक पुढें लेखक आणि विचारवंत यांनाच चित्राचा विषय करूं लागला, यांत नवल नाहीं. १९८७ च्या सुमारास त्यांनीं समाजवादी नेते एस. एम. जोशी यांच्यावर ‘मी एस. एम.’ हा लघुपट केला. जोशी १९८९ सालीं वारले. म्हणजे हें काम वेळेवर झालें.

वेळेवर झालेलें दुसरें काम सातारा जिल्ह्यांतील वाईचें आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यावरील अनुबोधपट १९८९ च्या सुमारास तयार झाला. शास्त्रीबुवांचा जन्म १९०१ सालीं खानदेशांतील पिंपळनेर येथें झाला. पण कुमारवयांत ते वाईस नारायणशास्त्री मराठे यांच्या प्राज्ञपाठशाळेंत आले आणि वाईचेच होऊन राहिले. धर्मशास्त्राचा हा पंडित अस्पृश्यतानिवारणासाठीं गांधीजींच्या बाजूनें उभा राहिला आणि १९३३ सालीं देवदास गांधी यांच्या आंतरजातीय विवाहाचें पौरोहित्य त्यानें केलें. ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या ग्रंथास १९५५ सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मराठी विश्वकोशाचें कार्यालय वाईसारख्या लहान गांवीं राहिलें, तेंहि शास्त्रीबुवांमुळें.

असा माणूस चित्रांत पकडावयाचा कसा? गवयाचा गळा ऐकूं येतो, चित्रकाराचा हात हालतांना दिसतो. पंडित मात्र बसून वाचतो आणि विचार करतो. विचार दिसत नाहीं. हा अनुबोधपटापुढील सर्वांत कठीण प्रश्न होय. त्याचें उत्तर तीन वाटांनीं शोधावें लागतें. पहिली वाट स्थळाची: कृष्णेचा घाट, पाठशाळेची वास्तु, कोशाच्या कचेरींतील टांचणांचे गठ्ठे, हीं सारीं त्या विचाराचीं घरें असतात. दुसरी वाट आवाजाची: छापील पानावर जें वाक्य ठाम दिसतें, तें बोलतांना माणूस कोठें थबकतो, कोठें हंसतो, हें ऐकिल्यावर त्या वाक्याचें वजन कळतें. तिसरी वाट सहवासाची: शिष्य, सहकारी आणि विरोधकहि काय सांगतात, त्यांवरून मधल्या माणसाची आकृति उमटते. शास्त्रीबुवा १९९४ सालीं गेले. त्यांचे ग्रंथ कपाटांत आहेतच; पण विद्यार्थ्याला त्यांचें दर्शन व्हावयाचें, तर तें चित्रपट्टिकेवरच.

पंडित कुमार गंधर्वांच्या बाबतींत अडचण निराळी होती. बेळगांवजवळील सुळेभावी येथें १९२४ सालीं जन्मलेल्या या गायकाचें मूळ नांव शिवपुत्र कोमकली. त्यांचे गुरु प्रा. बी. आर. देवधर मूळचे मिरजेचे. देवधरांचे गुरु विष्णु दिगंबर पलुसकर, आणि पलुसकरांनीं विद्या घेतली ती मिरजेंत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांजवळ. अशी ही परंपरा सांगली जिल्ह्याच्या मातींतून निघून, मुंबईवरून माळव्यांतील देवासपर्यंत पोंचली. १९४८ सालीं कुमार देवासला गेले. क्षयानें एक फुप्फुस निकामी झालें आणि कित्येक वर्षें गाणें बंद पडलें. अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्याचीं लोकगीतें त्यांच्या कानांवर येत राहिलीं. आजारांतून उठल्यावर त्यांचें गाणें नवें होऊन बाहेर आलें.

डॉ. पटेल यांचा ‘हंस अकेला’ हा कुमारांवरील अनुबोधपट २००५ सालचा, आणि कुमार तर १९९२ सालींच गेलेले. नायक हयात नसतां त्याचें चित्र काढावयाचें, तर ध्वनिमुद्रणें, छायाचित्रें, पूर्वीं कोणीं टिपून ठेवलेले तुकडे आणि जवळच्या माणसांच्या आठवणी एवढाच आधार उरतो. येथें दिग्दर्शकाचें काम पुराणवस्तुसंशोधकासारखें होतें. सांपडलेल्या खापरांवरून घट कल्पावयाचा, पण मोह झाला तरी नवें खापर घडवावयाचें नाहीं.

नवें घडविण्याची मुभा चरित्रपटास असते. डॉ. पटेल यांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा इंग्रजी बोलपट २००० सालीं प्रकाशित झाला; मल्याळी नट मामुट्टी यांना त्यांतील भूमिकेसाठीं राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बाबासाहेबांच्या बालपणाचा एक भाग साताऱ्याचा आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं साताऱ्याच्या सरकारी शाळेंत, म्हणजे नंतरच्या प्रतापसिंह हायस्कुलांत, त्यांचें नांव दाखल झालें. २०१४ चा यशवंतराव चव्हाणांवरील चरित्रपटहि याच मुलुखाचा: यशवंतरावांचा जन्म १९१३ सालीं देवराष्ट्रें येथें झाला, शिक्षण कऱ्हाडास झालें. याच यशवंतरावांनीं १९६० सालीं साहित्य संस्कृति मंडळाचें अध्यक्षपद तर्कतीर्थांकडे सोंपविलें होतें. अनुबोधपटांत नायक स्वतः साक्ष देतो. चरित्रपटांत दुसरा कोणी त्याचा वेष धारण करून उभा राहतो. पहिल्यांत अपुरेपणा असतो, दुसऱ्यांत आभास. पण घटनांशीं इमान दोघांसहि राखावें लागतें.

या मार्गांत एक धोकाहि आहे. असे चित्रपट बहुधा सरकारी वा संस्थांच्या साहाय्यानें निघतात, कारण तिकिटांच्या विक्रीवर त्यांचा खर्च भागत नाहीं. पैसा देणाऱ्यास गौरव हवा असतो, आणि मग चरित्राची आरती होते. दोष, मतभेद, अपयश गाळलें कीं नायक देव्हाऱ्यांत जातो आणि माणूस हरवतो. ज्या दिग्दर्शकानें ‘घाशीराम’ मधून पेशवाईचें आणि ‘सिंहासन’ मधून राजकारणाचें उणें दाखविण्यास भय बाळगलें नाहीं, त्याच्या हातीं हें काम गेलें, हें मराठीचें भाग्य म्हटलें पाहिजे. शंभराव्या अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलनाचें अध्यक्षपद डॉ. पटेल यांना मिळालें. विष्णुदासांपासून निघालेल्या परंपरेनें आपल्या एका चित्रकाराचा केलेला तो सन्मान होता.

विष्णुदासांची गांठ चुकली ती यंत्र दुर्मिळ होतें म्हणून. आतां तें यंत्र घरोघरीं, माणसाच्या खिशांत आहे. साताऱ्यास आणि सांगलीस आजहि वृद्ध शाहीर आहेत, कीर्तनकार आहेत, मिरजेंत तंबोरे घडविणारे कारागीर आहेत. लग्नाची वरात तासन् तास टिपली जाते. त्यांतील एक तास गांवच्या एका म्हाताऱ्या गुणवंतासमोर बसून, त्याचें बोलणें मध्यें न तोडतां, टिपला तर? त्यास मोठें भांडवल लागणार नाहीं. तारीख, स्थळ आणि नांव नीट लिहून तें चित्रण गांवच्या वाचनालयांत ठेवलें, कीं उद्यांच्या एखाद्या पटेलांना खापरें शोधीत हिंडावें लागणार नाहीं.