एका शब्दात दोन हुकूम

वाळूज म्हटले की आज शेताआधी कारखाना डोळ्यांपुढे येतो. गंगापूर तालुक्यातल्या या गावालगत औद्योगिक वसाहत वसली. १९८५ साली तेथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. यंत्रांना हुकूम देणाऱ्या लहान संगणकांचा प्रोग्रॅम पुष्कळदा ‘सी’ भाषेत लिहितात. ही भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास घडवली.

‘सी’मध्ये मॅक्रो नावाची सोय आहे. लांब मजकुराला लहान नाव द्यायचे. मग जिथे ते नाव येईल तिथे प्रीप्रोसेसर सगळा मजकूर चिकटवतो. अर्थाशी त्याला देणे-घेणे नाही. घोटाळा होतो तो इथेच!

समजा, पत्रा दाबणाऱ्या प्रेससाठी ‘चालू’ हा मॅक्रो केला. त्यात दोन विधाने: दिवा लाव, मोटर फिरव. पुढे कोणी लिहिले, ‘इफ जाळी बंद, चालू;’. वाचणाऱ्याला वाटते, जाळी बंद असेल तरच दोन्ही कामे होतील. पण ‘इफ’चा अंमल लगतच्या एकाच विधानावर असतो. म्हणून दिवा जाळीची वाट पाहतो, आणि मोटर मात्र जाळी उघडी असतानाही फिरते. त्या वेळी आत कामगाराचा हात असला तर?

मग दोन्ही विधाने महिरपी कंसात घालावीत का? तेवढ्याने भागत नाही. कंसानंतर आपण सवयीने अर्धविराम देतो. तो वेगळे, रिकामे विधान ठरतो, ‘इफ’ तिथेच संपते आणि पुढचे ‘एल्स’ पोरके होते. कंपायलर चूक दाखवून थांबतो.

यावर जाणत्यांची युक्ती अशी: ‘डू’, मग महिरपी कंसात विधाने, शेवटी ‘व्हाइल’ आणि साध्या कंसात शून्य. शून्य म्हणजे ‘खोटे’. म्हणून हे चक्र एकदाच फिरते. कडब्याची ताटे बांधून एक पेंढी व्हावी, तसे सगळे मिळून एकच विधान होते. व्याख्येच्या शेवटी अर्धविराम देऊ नये. तो वापरणारा देतो.

एक सावधगिरी मात्र हवी. अशा मॅक्रोत ‘ब्रेक’ लिहिले, तर बाहेरचे चक्र न थांबता हे आतलेच थांबते. जिथे साध्या फंक्शनने काम होते, तिथे फंक्शनच बरे.

शिक्षकबंधुभगिनींनी मॅक्रो फळ्यावर उलगडून दाखवावा. जीसीसी कंपायलरला उणे चिन्ह व मोठे ‘ई’ अक्षर दिले की चिकटवलेला मजकूर पडद्यावर दिसतो. विद्यार्थ्याने तो एकदा डोळ्यांनी पाहिला, की नुसत्या नावावर तो पुन्हा विसंबणार नाही.