फूजी, मी आणि आमच्या वन्सं

आमच्या वन्संना डोंगराचे वेड आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे. गेली बावीस वर्षे दर रविवारी पहाटे त्या सिंहगड चढतात. अठ्ठावन्न वर्षे उलटली, गुडघ्यांनी एकदोनदा कुरकुर करून पाहिली. पण वन्संनी तिकडे लक्षच दिले नाही, म्हणून गुडघेही गप्प बसले. अशी बाई २०२३ च्या ऑगस्टमध्ये महिनाभर तोक्योला मुलाकडे राहिली, आणि वादळ होऊन गेल्यावरच्या एका स्वच्छ सकाळी तिला गॅलरीतून फूजी पर्वत दिसला, तर पुढे काय होणार हे वाचकांनी ओळखलेच असेल. सोबतीला मी गेले होते. फूजीलाही सोबतीला मीच!

"मामी, याला दोन दिवस लागतात," भाचा मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाला. "लोक वर विश्रामघरात रात्र काढतात. आणि या महिन्यात एकही जागा शिल्लक नाही. आईला सांग ना."

मी सांगितले. वन्सं म्हणाल्या, "सिंहगड ज्वालामुखीच्याच दगडाचा, आणि हाही ज्वालामुखीच. त्यात काय एवढं?"

भूगोल म्हणून हे अगदी बरोबर आहे. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झाला. फरक इतकाच, की आपला लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवला आणि फूजी १७०७ साली डिसेंबरात शेवटचा फुटला. त्या वेळी शंभर किलोमीटरवरच्या एदोवर, म्हणजे आजच्या तोक्योवर, राख पडली होती. आणखी एक फरक उंचीचा. सिंहगड १३१२ मीटर, फूजी ३७७६. पण घरातल्या नणंदेपुढे आकडे मांडून कुठली भावजय जिंकली आहे?

भाच्याला रजा नव्हती. तेव्हा एका गुरुवारी आम्ही दोघीच निघालो. वन्संच्या पायांत सिंहगडचेच कॅनव्हासचे बूट, अंगावर पंजाबी ड्रेस आणि पातळ स्वेटर. पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, राजगिऱ्याच्या वड्या, पाण्याच्या दोन बाटल्या आणि एक घडीची छत्री. भाच्याने निघताना आपला पावसाळी कोट माझ्या हातात कोंबला आणि दहा वेळा बजावले, "मामी, उतरताना पिवळ्या पाट्या बघत या. फक्त पिवळ्या."

जपानी लोकांनी या डोंगराचे दहा टप्पे पाडले आहेत. शिंजुकूहून बस निघते ती अडीच तासांत पाचव्या टप्प्यावर, २३०५ मीटरवर, आणून सोडते. खाली जीव नकोसा करणारा उकाडा होता. इथे उतरल्या उतरल्या मी पदर कानांभोवती घट्ट गुंडाळला. पाठीवर मोठमोठ्या पिशव्या असलेली तरुण मंडळी बाकांवर नुसती बसून होती. ती आळशी नव्हती. विरळ हवेची शरीराला सवय व्हावी म्हणून तिथे तासभर थांबावे, असे जाणकार सांगतात. वन्सं तोवर शंभर पावले पुढे गेल्या होत्या.

तिथे मिळणारी लाकडी काठी मात्र त्यांनी हौसेने घेतली. वाटेतल्या विश्रामघरांतून थोडे येन घेऊन त्या काठीवर तापल्या लोखंडाचे शिक्के उमटवून देतात. बायकांना १८७२ पर्यंत या डोंगराच्या माथ्यावर जायला बंदी होती, आणि १८३२ साली ताकायामा तात्सू नावाची बाई पुरुषी वेषात शिखर गाठून आली होती, हे मी बसमध्ये वाचून दाखवले होते. त्याचा परिणाम चांगला झाला असे म्हणवत नाही. वन्संचा वेग वाढला.

सहाव्या टप्प्यापर्यंत वाट सोपी आहे. सातव्यापासून मात्र थिजलेल्या लाव्ह्याचे ओबडधोबड खडक लागतात. साखळ्या धरून, प्रसंगी हातांवर भार देऊन चढावे लागते. झाड नाही, सावली नाही. ढग आपल्या खाली. मी दर वीस पावलांना थांबत होते, वन्सं वरून हाका मारत होत्या. तीन हजार मीटरच्या पुढे हाका बंद झाल्या.

साडेतीनच्या सुमारास आम्ही मुख्य आठव्या टप्प्यावर पोचलो. उंची ३४०० मीटर. इथून वरचा डोंगर सेंगेन देवस्थानच्या मालकीचा. शिखर जेमतेम दीड तासावर. वन्संनी काठीवर शिक्का मारून घेतला, बाकावर बसल्या आणि डोळे मिटले. वडी पुढे केली तर मान फिरवली. मग बाजूला जाऊन ओकल्या. परत येऊन मला म्हणाल्या,

"वहिनी, आज रविवार ना गं? पायथ्याला गाड्या फार झाल्या असतील."

वार गुरुवार होता, आणि पायथा जपानात.

त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन तृतीयांशच असतो. श्वासागणिक प्राणवायू तितकाच कमी मिळतो. डोके दुखणे, मळमळणे हे पुष्कळांना होते. पण माणूस बरळू लागला तर ते लक्षण चांगले नव्हे, आणि त्यावर हमखास उपाय एकच, खाली उतरणे. विश्रामघरातल्या गृहस्थाला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची येत नव्हती. त्याने वन्संच्या निळसर ओठांकडे पाहिले आणि तळहात खाली दाखवला.

"मी अर्ध्यातून कधी परतले नाही," वन्सं म्हणाल्या. "दीडच तास राहिलाय. तू बस इथं, मी जाऊन येते."

लग्न होऊन मला तेहतीस वर्षे झाली. एवढ्या काळात मी वन्संना 'नाही' म्हटल्याचे मला आठवत नाही. त्यांच्याहून मी दोन वर्षांनी मोठी, पण मान नणंदेचा. मी त्यांचा दंड धरला.

"वन्सं, उठा. आपण खाली चाललोय."

"वहिनी, तू माझ्यावर ओरडतेस?"

"हो. उठा."

आश्चर्यानेच बहुधा, त्या उठल्या.

उतरणीची वाट वेगळी आहे. काळ्यातांबड्या भुसभुशीत खडीची, नागमोडी. पाऊल टाकले की वीतभर घसरते. मध्येच ढग चढून आला आणि दहा हातांपलीकडचे दिसेना. थोडे खाली एदोया विश्रामघरापाशी वाट फुटते. एक फाटा योशिदाचा, आमचा, दुसरा सुबाशिरीचा. तो डोंगराच्या दुसऱ्याच अंगाला, दुसऱ्याच प्रांतात नेऊन सोडतो, आणि चुकून तिकडे उतरणारे पुष्कळ. वन्सं तांबड्या पाटीकडे निघाल्याच होत्या. धुक्यात पिवळी पाटी दिसेपर्यंत मी त्यांची ओढणी सोडली नाही.

मग पाऊस आला. छत्री पहिल्याच झोतात उलटी झाली. पावसाळी कोट मी वन्संना घातला.

तीन हजारांच्या खाली आल्यावर त्या म्हणाल्या, "दशमी आहे का?" भर पावसात उभ्याने आम्ही दशम्या खाल्ल्या. आणखी अर्ध्या तासाने त्या फणकारल्या, "तुझ्यामुळे शिखर राहिलं!" वन्सं पूर्ववत झाल्या हे मला तेव्हा कळले, आणि इतका वेळ आवरून धरलेले रडू तिथे फुटले. अंधारात, मोबाइलच्या उजेडात, शेवटच्या बसला दहा मिनिटे असताना आम्ही पाचव्या टप्प्यावर पोचलो.

पुढे २०२४ पासून योशिदाच्या वाटेवर फाटक बसले आणि दोन हजार येन शुल्क लागू झाले. २०२५ मध्ये चारही वाटांना चार हजार येन झाले. योशिदाचे फाटक दुपारी दोन ते पहाटे तीन बंद राहू लागले, अपवाद विश्रामघरात जागा राखलेल्यांचा. आणि पुरेसे कपडे नसलेल्यांना परत पाठवण्याचा अधिकार पहारेकऱ्यांना मिळाला. भाच्याने ही बातमी दोघींना पाठवली. पाच मिनिटांत वन्संचा फोन.

"वहिनी, जपानात म्हण आहे म्हणे. फूजी एकदा चढतो तो शहाणा, दोनदा चढतो तो मूर्ख. आपलं तर एकदाही झालेलं नाही. चार हजार येन म्हणजे किती होतात गं?"

काठी त्यांच्या दिवाणखान्यात उभी आहे. आठव्या टप्प्याच्या शिक्क्यावर वीतभर लाकूड कोरे आहे.