पाणमोट फुटली की नाही?

पूर्ण दिवस भरलेल्या दर 100 गर्भवतींपैकी साधारण 8 जणींची पाणमोट कळा सुरू होण्याआधीच फुटते. धो धो पाणी गेलं तर शंका उरत नाही. घोळ होतो तो थेंबथेंब गळतीत. नवव्या महिन्यात खोकताना लघवी सुटते, अंगावरून पांढरंही जातं. त्यामुळे नुसता ओला कपडा पाहून निदान होत नाही आणि कळा नाहीत म्हणून गळती नाकारताही येत नाही. निर्जंतुक स्पेक्युलम (योनिमार्ग उघडून आत पाहण्याचं साधन) लावून गर्भाशयमुखातून येणारं पाणी दिसलं, की निदान पक्कं.

मग पीएच पट्टीवर का भागत नाही? योनिस्रावाचा पीएच 4 च्या आसपास असतो, गर्भजलाचा 7 च्या वर. म्हणून गर्भजल लागलं की नायट्राझिन ही पीएच पट्टी निळी होते. पण रक्त, वीर्य किंवा जंतुसंसर्गानेही ती निळी होऊ शकते. सोनोग्राफीत पाणी कमी दिसलं तर संशय बळावतो. मात्र पाणी पुरेसं दिसलं तरी गळती नाहीच, असं ठरत नाही. म्हणून सगळ्या खुणा एकत्र जुळवाव्या लागतात.

‘कळा नाहीत, सकाळी पालघरच्या रुग्णालयात जाऊ’ हा केळव्यासारख्या गावातला विचार समजण्याजोगा आहे. पण वेळ जाईल तसा संसर्गाचा धोका वाढतो. स्वच्छ पॅड लावा, पाणी गेल्याची वेळ आणि पाण्याचा रंग लक्षात ठेवा आणि रुग्णालय गाठा. पाणी हिरवट असेल, ताप असेल किंवा बाळाची हालचाल मंदावली असेल, तर लगेच 108 ला फोन करा.