फिरत्या बिऱ्हाडाची गाडी

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर असें ज्याच्याविषयीं म्हणतात, त्या माणसाजवळ बहुधा कांहींच नसतें. ऑस्ट्रेलियांतील हौशी प्रवाशाचें मात्र तसें नाहीं. निजावयाची गादी, शेगडी, शीतपेटी, पाण्याची टांकी, विजेच्या बॅटऱ्या असा सगळा संसार तो एका ठेंगण्या खोलींत बसवितो, ती खोली हलक्या ट्रकच्या चॅसीवर चढवितो आणि वाळवंटाची वाट धरतो. तेथील विलुनापासून हॉल्स क्रीकपर्यंतचा कॅनिंग स्टॉक रूट हा पूर्वीचा गुरें हांकण्याचा मार्ग सुमारें १,८५० किलोमीटर लांब असून तो वाळूच्या टेकड्यांमागून टेकड्या ओलांडीत जातो. अशा ठिकाणीं चॅसी वांकली तर गाडी अडतेच, परंतु घर, पाणी आणि सावली हींही त्याच जागीं अडकून पडतात. म्हणून खोलींतील फळ्यांचा रंग ठरविण्यापूर्वीं खालच्या सांगाड्याचा विचार करणें अगत्याचें आहे.

चॅसी म्हणजे आडवी ठेवलेली पोलादी शिडीच. दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, एवढाच तिचा घाट. गिऱ्हाईक प्रथम विचारतो तें इंजिन किती अश्वशक्तीचें आहे हें. वास्तविक खडकाळ वाटेवर गाडी माणसाच्या चालीनें जात असते. तेथें मोठ्या शक्तीपेक्षां चारही चाकांना मिळणारा जोर आणि गिअरांची हळू चाल अधिक उपयोगी पडते. खरा प्रश्न ओझ्याचा आहे.

समजा, एका गाडीस एकूण ३,३०० किलो वजनाची अनुज्ञा असून चालकाच्या कक्षासह नुसत्या चॅसीचें वजन २,२०० किलो आहे. म्हणजे उरले ११०० किलो. ही रक्कम मोठी वाटते खरी. परंतु खोली व तींतील सामान ६५० किलो, शंभर लिटर पाणी म्हणजे १०० किलो, १३० लिटर डिझेल पाण्याहून हलकें असलें तरी सुमारें ११० किलो आणि दोन माणसें १५० किलो धरलीं, कीं हातीं ९० किलो राहतात. जादा चाक, हत्यारें, कपडे आणि दोन आठवड्यांचा शिधा एवढ्यांतच बसवावयाचा! टोयोटाच्या लँड क्रूझर ७९ सारख्या गाड्या चिवट म्हणून नांवाजलेल्या आहेत. पण कोणतीही गाडी असली तरी हा हिशेब कोणास चुकत नाहीं.

इसुझुची एन. पी. एस. किंवा मित्सुबिशी फुसोची कँटर एफ. जी. यांसारख्या जपानी ट्रकांची गोष्ट निराळी. त्यांत चालक इंजिनाच्या वर बसतो, त्यामुळें गाडीची लांबी न वाढतां खोलीस जागा मिळते. ऑस्ट्रेलियांत साध्या मोटारीच्या परवान्यावर ४,५०० किलोंपर्यंतची गाडी चालवितां येते; म्हणून याहून अधिक भार वाहूं शकणारे हे ट्रक पुष्कळदां त्या मर्यादेंतच नोंदवितात. सांगाडा आपल्या शक्तीहून कमी काम करीत राहतो, हा मोठाच लाभ. याची किंमत पाठीला मोजावी लागते. पुढच्या चाकांवरच बसलेल्या माणसास प्रत्येक खड्डा कळतो. शिवाय मागें जोडचाकें असतात. त्यांच्या फटींत दगड अडकतात आणि वाळूंत तीं पुढच्या चाकांच्या चाकोरींत नीट बसत नाहींत. म्हणून जाणते लोक मागेंही एकेकच रुंद टायर बसवून घेतात.

ओझें किती, याइतकेंच तें कोठें, हें महत्त्वाचें आहे. बैलगाडी हांकणाऱ्यास हें शिकवावें लागत नाहीं. भार पुढें आला तर गाडी धुरजड होते, मागें गेला तर उलाळ होते. दोन आसांत तीन मीटर अंतर असलेल्या गाडीवर मागील आसाच्या पाठीमागें एक मीटरवर शंभर किलो ठेवले, तर मागील आसावर १३३ किलो पडतात आणि पुढील आसावरचे ३३ किलो उचलले जातात. दोन रांगांच्या बैठकीची गाडी घेणारे येथेंच फसतात. मागची बैठक खोलीस आणखी मागें रेटते, आस मात्र त्या मानानें मागें सरकत नाहीं. मग खाचखळग्यांच्या रस्त्यावर हजारों हादरे बसून तुळई चालकाच्या कक्षामागेंच वांकते. गाडी बसली म्हणून स्प्रिंगांत हवेच्या पिशव्या घालणें हा तर कित्येकदां रोगापेक्षां भयंकर इलाज. त्यानें सगळा भार तुळईच्या एकाच बिंदूवर येतो.

राहिला पीळ. जोड्यांचा पुठ्ठ्याचा डबा झांकणावांचून सहज पिळतो. झांकण चिकटवून बंद केला कीं पिळत नाहीं. ट्रकच्या तुळया बहुधा एका बाजूनें उघड्या असतात, आणि एक चाक दगडावर व दुसरें खळग्यांत असतां चॅसीनें पिळावें हाच त्यांतील हेतु. वरची खोली मात्र बंद डब्यासारखी ताठ. दोघांना बोल्टांनीं घट्ट जखडलें, तर खोलीच्या कोपऱ्यांना भेगा पडतात, नाहीं तर तुळईला. यावर उपाय तिपाईचा आहे. चौरंग उंचसखल जमिनीवर डुगडुगतो, तिपाई डुगडुगत नाहीं. त्याचप्रमाणें खोली दोन बिंदूंवर पक्की आणि तिसऱ्यावर झुलती ठेवली, म्हणजे खालची चॅसी पिळली तरी वरचा पीळ टळतो. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनींत शेतकऱ्यांसाठीं निघालेली युनिमॉग अशा बांधणीबद्दल प्रसिद्ध आहे. तिच्या पहिल्या बनावटींत दोन चाकांमधील अंतर १,२७० मिलिमीटर, म्हणजे बटाट्याच्या दोन ओळींइतकें, ठेवलेलें होतें. जगभर भटकणाऱ्यांच्या पसंतीस उतरलेली ही गाडी मुळांत बटाट्याच्या शेतासाठीं जन्मली, याचें श्रोत्यांस नवल वाटेल.

खोली चढवून झाल्यावर टांक्या भरून, माणसें व शिधा घेऊन, गाडी वजनकाट्यावर न्यावी. पुढील चाकें आणि मागील चाकें निरनिराळीं तोलावीं आणि दोन्ही आंकडे त्या त्या आसाच्या मर्यादेशीं ताडून पाहावे. मागचा आंकडा चढला असेल, तर पाण्याची टांकी दोन आसांच्या मध्यें आणणें गांवांतच जमतें.